दाद मागणं आणि दाद लागणं

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर बातम्यांचा विषय निघाला तेव्हा आजी म्हणाली, "कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?" फोन ठेवल्यावर तू विचारलंस, कुंपण शेत कसं खाईल? आणि दाद तर गाणं आवडलं की देतात, ती मागतात कशी? लगेच पुढचा प्रश्न: "पण आई, संयुक्त राष्ट्रं आहेत ना?" मी आवराआवरीत होते, "आहेत की," म्हणून मोकळी झाले. ते उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र. मराठीत आहे, सावकाश वाच.

आधी शब्द. दाद हा मूळचा फारसी शब्द, अर्थ न्याय. गाण्याला देतात ती दादही त्यातलीच. मराठीत दाद मागतात. मग ती लागते किंवा लागत नाही. आणि ज्याच्याविरुद्ध मागितली तो कधी दादच देत नाही, म्हणजे ढिम्म हलत नाही. हे तिन्ही प्रकार लक्षात ठेव. कारण जगातल्या मोठमोठ्या संस्थांनी दाद मागायची सोय बरीच केली आहे. ती लागेल याची सोय फारच थोड्या ठिकाणी आहे.

आजीचं कुंपण म्हणजे सरकार: पोलीस, सैन्य, न्यायालयं. ती ज्यांच्यासाठी उभारली तीच माणसं म्हणजे शेत. पूर्वी जगाची रीत अशी होती की राजानं आपल्या प्रजेला कसं वागवायचं ही त्याची घरची गोष्ट, शेजाऱ्यानं नाक खुपसायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचं जे झालं त्यानंतर ही रीत चालायची नाही असं ठरलं. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. ४८ देश बाजूनं, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून 'सर्व माणसं' करायला लावलं भारताच्या हंसा मेहतांनी. (हे वर्गात सांगितलंस तर मला आवडेल.) पुढं करार झाले. मुलांच्या हक्कांचा करार १९८९ चा, तो अमेरिका सोडून संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशानं मान्य केला आहे. त्यातल्या कितीतरी देशांत मुलं आजही युद्धात आणि तुरुंगात आहेत, म्हणजे सही ठोकायला फारसं काही पडत नाही हे तुझ्या लक्षात येईल.

आता स्रेब्रेनित्साबद्दल सांगते. ही गोष्ट वाईट आहे, पण तू तेरा वर्षांची आहेस.

बोस्नियातलं हे लहानसं गाव. १९९३ मध्ये युद्ध चालू असताना संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ते 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं. आसपासचे हजारो मुस्लीम लोक तिथं आसऱ्याला होते, त्यांनी त्या शब्दावर भरवसा ठेवला. राखणीला संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घातलेले काही शे डच सैनिक होते, हलक्या शस्त्रांचे. जुलै १९९५ मध्ये राट्को म्लादिच या सर्ब सेनापतीचं सैन्य गावात शिरलं आणि काही दिवसांत आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. जे कुंपण मुद्दाम बाहेरून आणून घातलं होतं, ते बाजूला झालं.

वाचलेल्या आया आणि बायका दाद मागायला निघाल्या. आधी संयुक्त राष्ट्रांविरुद्ध. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं, या संस्थेवर खटला चालवता येत नाही, तिला तसं संरक्षण आहे. २०१३ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही तेच मान्य केलं. मग त्या बायका डच, म्हणजे नेदरलँड्सच्या, सरकारविरुद्ध लढल्या. सुमारे ३५० पुरुष डच तळाच्या आत आसऱ्याला होते आणि त्यांना बाहेर जावं लागलं होतं. त्यांच्यापुरती सरकारची जबाबदारी आहे, २०१९ मध्ये निकाल लागला, पण दहा टक्के. आतच राहू दिलं असतं तर ते वाचण्याची शक्यता तेवढीच होती, असा हिशेब. मी हा निकाल अनेकदा वाचला आहे. कायद्याच्या भाषेत तो कदाचित बरोबर असेल. तरी दहा टक्के दाद म्हणजे काय, ते मला कुणाला समजावून सांगता येणार नाही.

पण याच गोष्टीला दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर मी तुला फसवलं असं होईल. त्याच सुरक्षा परिषदेनं १९९३ मध्ये द हेग शहरात एक खास न्यायालय उभं केलं होतं. त्यानं १६१ जणांवर आरोप ठेवले आणि शेवटी त्यातला एकही फरारी उरला नाही. म्लादिच सोळा वर्षं लपला. २०११ मध्ये सर्बियानं त्याला पकडून दिलं, मुख्य म्हणजे सर्बियाला युरोपीय संघात जायचं होतं आणि आधी हा माणूस द्या अशी अट होती. २०१७ मध्ये जन्मठेप, २०२१ मध्ये ती कायम. सव्वीस वर्षांनी दाद लागली, आणि तीही सर्बियाची गरज होती म्हणून.

हेगमध्येच आता आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. २००२ पासून ते काम करतंय. त्याच्याकडे स्वतःचा एक पोलीस नाही. पकडायचं काम सदस्य देशांनी करायचं. पुतिन यांच्यावर २०२३ मध्ये वॉरंट निघालं, पुढच्या वर्षी ते सदस्य असलेल्या मंगोलियात जाऊन आले. नेतन्याहू यांच्यावर २०२४ मध्ये निघालं, ते २०२५ मध्ये सदस्य असलेल्या हंगेरीत गेले आणि हंगेरीनं त्याच दिवशी न्यायालयातून बाहेर पडायचं जाहीर केलं. याला म्हणतात दाद न देणं. उलट फिलिपीन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते २०२५ च्या मार्चमध्ये मनिलात पकडले जाऊन हेगला पोचले. त्यांच्याच देशातलं वारं फिरलं होतं. सुरक्षा परिषदेचं तर विचारूच नकोस. पाच देशांच्या हाती नकाराधिकार आहे. २०१४ मध्ये सीरियाचं प्रकरण या न्यायालयाकडे पाठवायला पंधरापैकी तेरा देश तयार होते, रशिया आणि चीननं अडवलं.

मग दाद लवकर, नीट कुठं लागते? तुला आवडेल अशी एक गोष्ट आहे. १९७६ साली स्कॉटलंडमधला पंधरा वर्षांचा एक मुलगा शाळेतून घरी जाताना मनाई असलेल्या जवळच्या वाटेनं, स्मशानभूमीतून निघाला होता. शिक्षा म्हणून हातावर चामड्याचा पट्टा. त्यानं हात पुढं करायला नकार दिला. वडिलांचाही त्याला पाठिंबा होता. शाळेनं त्याला काढून घरी बसवलं. त्याची आई आणि आपल्या मुलाला कधीच पट्टा बसणार नाही अशी हमी मागणारी दुसरी एक आई, दोघी थेट स्ट्रासबर्गला गेल्या. तिथं साधा माणूस आपल्या सरकारविरुद्ध उभा राहू शकतो, हे त्या न्यायालयाचं मोठेपण. १९८२ मध्ये त्या जिंकल्या. मारणं म्हणजे छळ, असं न्यायालय म्हणालं नाही, कारण मुलाला मारलंच नव्हतं. ते म्हणालं, मुलांना मारू नये ही पालकांची गंभीर धारणा आहे आणि शाळेनं ती मानली पाहिजे.

ब्रिटिश सरकारनं कुरकुर केली, पळवाटा शोधल्या. शेवटी १९८६ मध्ये संसदेत मतदान झालं, २३१ विरुद्ध २३०. एका मतानं सरकारी शाळांतला मार बंद झाला.

माझं मत विचारशील तर हे असं आहे: ज्या सरकारला चारचौघांत लाज वाटते, ज्याच्या घरी जिवंत संसद आणि धीट वकील आहेत, त्याच्याविरुद्ध बाहेरची दाद लागते. ज्याला कशाचीच लाज नाही त्याच्याविरुद्ध नुसत्या नोंदी होत राहतात, नावं, तारखा, कबरी. म्लादिचच्या खटल्यात त्याच नोंदी कामाला आल्या. पण ज्या रात्री सैनिक दार ठोठावतात त्या रात्री संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या कचेरीतून कुणी येत नाही. हे आजीला माहीत आहे, म्हणून ती तसं म्हणाली.

तो स्कॉटिश मुलगा मात्र शाळेत परतला नाही. तोवर सोळाचा झाला होता, शाळेची सक्ती संपली होती.

पुढच्या रविवारी आजीला त्याची गोष्ट सांग. ती बत्तीस वर्षं शिक्षिका होती, छडीबद्दल तिचं मत वेगळं निघेल. मध्येच तोडू नकोस, ऐकून घे आणि काय म्हणाली ते मला सांग.

तुझी,
आई