आधी बोलणं की आधी बसणं?

"मॅडम, मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. बोलत नाही आणि एका जागी टिकत नाही. आधी कशाचे उपचार करू?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, आणि तोवर घरातल्या प्रत्येकाने तिला आपापलं निदान ऐकवून झालेलं असतं. उत्तरादाखल एका घराचीच हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलाला सोन्या म्हणू.

सोन्या पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम दहा-बारा शब्द होते. या वयाची मुलं तीन-चार शब्दांची वाक्यं जुळवतात, भांडतात, थापाही मारतात. हा बोट दाखवायचा, आईच्या तोंडाकडे बघायचा आणि लगेच मिळालं नाही की चावायचा. माझ्या खोलीत वीस मिनिटांत त्याने पंख्याचं बटण अकरा वेळा दाबलं. मोजलं, कारण दर वेळी त्याची आई "सॉरी मॅडम" म्हणत होती.

आजींनी वेखंड उगाळून चाटवलं होतं. काकांच्या मते जीभ खाली चिकटलेली होती, कापून घेतली की झालं. वडील म्हणाले, "मीपण पाच वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो." बालवाडीने दोन महिन्यांतच "बोलायला लागला की आणा" म्हणून घरी पाठवलं, आणि वर घरात इंग्रजी बोलायचा सल्ला दिला. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मुकं राहत नाही. उलट मोडक्या इंग्रजीत आई निम्मंच बोलते, तेवढं मात्र खरं. मोबाईलवरून तर घरात रोज भांडण. मोबाईलमुळे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चळवळेपणाचा विकार, होत नाही. पण तो मुलाच्या उत्तराची वाट बघत नाही, म्हणून या वयात दिवसाला तासाच्या आतच बरा.

मी सगळ्यात आधी कानाची तपासणी सांगितली. "ऐकू येतं की त्याला, जाहिरात लागली की पळत येतो," आई म्हणाली. येत असेलही. पण सततच्या सर्दीने कानात पाणी साठलं तरी मुलाला अर्धवटच ऐकू येतं, आणि ते घरात कुणाच्या लक्षात येत नाही. बेरा ही ऐकण्याची चाचणी, तिला मूल झोपलेलं लागतं. सोन्या झोपेना, दोन हेलपाटे झाले. कान चांगले निघाले. मग मुलांच्या विकासाचे डॉक्टर. त्यांनी ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या अंगानेही नीट पाहिलं, तसं वाटत नाही म्हणाले. बोलणं मागे आहे हे नक्की. एडीएचडीची लक्षणं दिसतात, पण चार वर्षांच्या आत तो शिक्का मारायची घाई नको. वडील वैतागले. "मग एवढे पैसे घालून कळलं काय?"

कळलं एवढंच, की आधी-नंतरचा प्रश्न सोडून द्यायचा. सांगता येत नाही म्हणून तो चिडतो, आणि टिकत नाही म्हणून ऐकलेलं मुरत नाही. शिक्क्याची वाट न बघता दोन्हीवर काम सुरू करता येतं.

आता पैसे. खासगी स्पीच थेरपी एका वेळेचे सहाशे, आठवड्यातून दोनदा. वडील एमआयडीसीत कंत्राटी. दीड महिन्यात हे बंद पडणार, हे मला दिसत होतं. 2013 पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. अंगणवाडीताईंनी त्या पथकाकडून चिठ्ठी मिळवून दिली आणि सोन्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, जाऊ लागला. तिथे पैसे पडत नाहीत. मात्र वाचा उपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते फोनवर विचारून जा, नाहीतर रजा वाया. मुंबईकरांना वाचा आणि श्रवणासाठीची वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्थाही आहे. खासगीत कुणी "तीन महिन्यांत बोलतं करतो" म्हणालं, तर अशा उपचारतज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझी चूक इथेच झाली. मी आईला दोन पानं भरून घरचे सराव लिहून दिले. तीन आठवड्यांनी तिने तोच कागद चार घड्या घातलेला पर्समधून काढला. "एकपण झालं नाही मॅडम." पहाटे पाचला तिचा डबा सुरू, दुपारी शिवणकाम. दिवसभर सोन्या असतो आजींजवळ, आणि आजींना मी बोलावलंच नव्हतं.

पुढच्या वेळी आजी आल्या. त्यांना सांगितलं, त्याने मागायच्या आधी देऊ नका. मनात पाचपर्यंत मोजा. त्या रागावल्याच. "लेकराला तरसवायचं व्हय, बाई?" म्हटलं, आठ दिवस करून बघा, फक्त मटार सोलताना.

आईने मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ मी पाहिला. पाटीत शेंगा. आजींच्या हातात एक सोललेली शेंग, दाणे दिसतायत. सोन्या हात पुढे करतो. आजी गप्प, ओठ हलतायत, मोजतायत. तो पाटी ढकलतो, शेंगा सांडतात. आजी पुन्हा शेंग धरतात. पाचव्या की सहाव्या शेंगेला, "दे." आजी इतक्या दचकल्या की अख्खी शेंग त्याच्या तोंडाजवळ नेली. महिनाभरात "अजून" आणि "संपलं" आले. आणि जो पंख्यापाशी दोन मिनिटं थांबत नव्हता, तो पाटीपाशी दहा मिनिटं बसू लागला.

बसण्याचं बाकीचं कामही असंच घरगुती. हाक लांबून मारायची नाही, जवळ जाऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. जेवणाआधी बादलीने झाडांना पाणी घालायचं. केलं की लगेच शाबासकी, संध्याकाळी नाही. पाचव्या वर्षी डॉक्टरांनी एडीएचडी म्हणून लिहिलं, तरी गोळी दिली नाही. या वयात आधी आईवडिलांचं प्रशिक्षण, गोळीचा विचार नंतर. वडिलांनी तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्राचं विचारलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी वेगळं धरलेलं नाही, त्यामुळे त्यामागे पळायचं तेव्हा तरी कारण नव्हतं.

सोन्या आता पावणेसहाचा आहे. वाक्यं बोलतो, "र" अजून बोबडा. चावणं थांबलं, पळणं नाही. जूनमध्ये पहिली. नव्या बाईंना द्यायला आईने स्वतःच एक कागद लिहून आणला होता, मला दाखवायला. पहिल्या बाकावर बसवा, खिडकीपासून लांब. फळा पुसायचं काम त्याला द्या. मधेच उठला तर ओरडू नका, जवळ बोलवा. खाली आजींनी सांगून लिहायला लावलेली ओळ आहे: "विचारलं की जरा थांबा. बोलतो तो."