टेंडन कापल्यावर कुत्रा धावेल का?

प्रश्न : डॉक्टर, आमचा ब्रुनो लॅब्रॅडोर आहे, ७ वर्षांचा. बरेच महिने झाले पुढचा उजवा पाय लंगडतोय, झोपून उठल्यावर तर जास्तच. गोळ्या झाल्या, आराम झाला, तेवढ्यापुरतं बरं आणि परत तेच. आता खांद्यातला बायसेप्सचा टेंडन, म्हणजे दंडाच्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सुजलाय, दुर्बिणीतून कापू म्हणतायत. कापल्यावर २-३ वर्षांनी पाय कामाचा राहील का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, कापायचं म्हटलं की धस्स होतंच, पण इथे दुखतं ते सांध्यातून जाणाऱ्या त्या टेंडनमुळेच. तो वर हाडापासून सोडवला की खाली सरकतो आणि दंडाच्या हाडाला व्रण धरून चिकटतो, शिवाय कोपर वाकवायला ब्रेकियालिस नावाचा दुसरा स्नायू आहेच, त्यामुळे पाय लुळा वगैरे पडत नाही. दुर्बीण साधारण २.७ मिमी जाडीची, छेद बारीक, म्हणून सावरतातही लवकर. बहुतेक कुत्री पुढे वर्षानुवर्षं नीट चालतात, धावतात.

मला काळजी वेगळीच वाटते. पुढचा पाय लंगडायला कारणं खूप, लॅब्रॅडोरमध्ये तर कोपराचा त्रास कायम डोकं वर काढतो, कधी खांदा आतल्या बाजूने सैल झालेला असतो, आणि हे राहून गेलं तर टेंडन कितीही छान कापला तरी लंगडणं जात नाही आणि मग सगळे ऑपरेशनला नावं ठेवतात. म्हणून आधी कोपराचाही एक्स-रे आणि खांद्याची सोनोग्राफी झालीय का विचारा, आणि दुर्बीण आत गेल्यावर अख्खा सांधा बघणार ना, हेही. शंका असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रिपोर्ट दाखवून या, सांगलीहून हायवेनेच जायचं.

सांध्यात आधीच संधिवात असेल तर तो काही जाणार नाही, थंडीत थोडं आखडणं राहील.

नंतरचे ४-६ आठवडे पट्ट्यावरच फिरवायचं, जिना नाही, सोफ्यावर उडी नाही. तिसऱ्या आठवड्यात तो एकदम ठणठणीत दिसतो आणि घरचे सोडतात मोकळा, तिथेच घोळ होतो. वजन जास्त असेल तर चपात्या आजच बंद. आणि दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन देऊ नका, कुत्र्याला अल्सर होतो, किडनीही जाते.