उधारी पोर्टलवर सापडत नाही

प्रश्न : ताई, चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा संगणक गेलाच, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घेतलेला पेनड्राइव्हही गल्ल्याच्या खणातच होता. आता पुतण्याने टॅलीचं डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडून दिलंय. ‘काका, आता निर्धास्त राहा,’ म्हणतो. राहू का?
– एक दुकानदार, चिपळूण

उत्तर : इतक्यात नको. पुतण्याने पुराची सोय केली, व्हायरसची नाही.

जोडलेलं फोल्डर म्हणजे सिंक. इकडे बदललं की तिकडे बदलतं. उद्या कुणी ‘बिल’ म्हणून आलेली भलतीच फाईल उघडली आणि रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, डेटाला कुलूप घातलं, तर त्या कुलूपबंद फायलीच मुकाट्याने ड्राइव्हवर चढतील. ड्राइव्ह जुन्या प्रती काही दिवस ठेवतो हे खरं. पण टॅलीचा डेटा म्हणजे फायलींचा संच, आणि त्या सगळ्या एकाच वेळच्या लागतात. एकेक जुळवत बसणं महाकठीण. शिवाय टॅली चालू असतानाच फायली वर गेल्या, तर निम्म्या आधीच्या आणि निम्म्या नंतरच्या असा घोळ व्हायचा.

म्हणून रात्री दुकान बंद करताना टॅलीतूनच बॅकअप घ्या. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की तो पर्याय येतो. दर वेळी तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करा, जुन्यावर लिहू नका. ड्राइव्हवर हे फोल्डर चढवा. जोडीला दोन पोर्टेबल हार्डडिस्क घ्या आणि आठवड्याला आलटूनपालटून वापरा. कॉपी झाली की डिस्क काढायचीच, लावून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या तावडीतून सुटत नाही. घरही बाजारपेठेतच असेल, तर एक डिस्क उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? भरलेली जीएसटी विवरणपत्रं पोर्टलवर मिळतात, खरेदीची बिलं तिथल्याच जीएसटीआर-2बी या तक्त्यात दिसतात, खातेउतारा बँक देते. पण गवंड्याने नेलेल्या सिमेंटच्या गोण्या, सोसायटीने पावसाआधी उचललेले पत्रे, त्यांचे पैसे आले किती, राहिले किती? ते जगात फक्त तुमच्याकडे आहे. नुसतं कायद्याचं बघायचं, तरी जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात.

आणि बॅकअप ‘घेतला’ म्हणून भागत नाही, तो उघडून बघावा लागतो. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करा, म्हणजे बॅकअपमधला डेटा टॅलीत परत आणा. दुकानाच्याच संगणकावर करायचं झालं तर वेगळ्या फोल्डरमध्ये, नाहीतर जुना डेटा चालू डेटावर बसेल आणि आठवड्याच्या नोंदी पुसल्या जातील. लायसन्स नसलं तरी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे शिकण्यापुरती, उघडते, आकडे ताडायला तेवढं पुरतं. सन्ड्री डेटर्सची, म्हणजे गिऱ्हाइकांकडच्या उधारीची, बेरीज दुकानातल्या आकड्याशी जुळली की झालं.

टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीचा, पासवर्ड लावला असेल तर कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. तो विसरलात तर धडधाकट बॅकअपही उघडत नाही. टॅलीचं लायसन्स कुणाच्या ईमेलवर आहे तेही आजच विचारून घ्या. नव्या संगणकावर ते चालू करायला तोच ईमेल लागतो, आणि बऱ्याच दुकानांत तो कधीच सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो.