प्लावक बल आणि बुडणारा दगड

प्रश्न असा आहे: दगड पाण्यात बुडतो, तरी त्याच्यावर 'प्लावक बल' (पाण्याचा वर ढकलणारा रेटा) लागतं असं पाठ्यपुस्तक सांगतं. मग हा शब्दच चुकला आहे का? त्यापेक्षा हिंदीतला 'उत्प्लावन' बरा का?

शब्द चुकलेला नाही. मूळ धातू संस्कृत 'प्लु'. 'प्लवते' म्हणजे तरंगतो, 'प्लावयति' म्हणजे तरंगवतो. तरणे-तारणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे या आपल्या जोड्यांत एका कान्याने जे होतं, तेच इथे. 'प्लावक' हे तारू पाहणाऱ्याचं नाव आहे. समोरचा तरलाच पाहिजे, असं त्यात कुठेच नाही. पाचक चूर्ण घेऊनही एखाद्याला अपचन होतं, म्हणून आपण त्याला पाचक म्हणायचं सोडत नाही. (समुद्रातल्या सूक्ष्म जीवांना 'प्लवक' म्हणतात, कारण ते स्वतः तरंगतात. बलाच्या बाबतीत मात्र तो काना गाळू नये.)

आता दगडाकडे येऊ. पाण्यात जितकं खोल जावं तितका दाब वाढतो. त्यामुळे दगडाच्या वरच्या अंगापेक्षा खालच्या अंगावर दाब जास्त पडतो आणि एकूण रेटा वरच्या दिशेला उरतो. दगडाने जेवढं पाणी बाजूला सारलं, त्याच्या वजनाइतकाच हा रेटा असतो; आर्किमिडीजचा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला सिद्धान्त तो हाच. सह्याद्रीतला काळा कातळ पाण्याच्या सुमारे तिप्पट घन. त्याचा 3 किलोचा गोटा साधारण 1 लिटर पाणी सारतो, म्हणून पाण्याखाली उचलायला तो 2 किलोचाच वाटतो. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्याला हे पुस्तकाविना ठाऊक असतं: भरलेली कळशी पाण्यात असेपर्यंत हाताला जड लागत नाही, बाहेर येऊ लागली की दोराला ओढ बसते.

हवेलाही हाच शब्द चालतो. 1 घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.2 किलो, तेवढ्याच हेलियमचं त्याच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून फुगा वर जातो. 60 किलोच्या माणसालाही हवा सुमारे 70 ग्रॅमने हलकं करत असते. 'तरंगणे' हे क्रियापद लाटेवरून आलं, तरी आपण 'हवेत तरंगणारा फुगा' म्हणतोच की!

'उत्प्लावन' हा शब्द 'उत्' (वर) लावून दिशा सांगतो, ही त्याची जमेची बाजू. पण 'प्लु'चा दुसरा अर्थ उडी मारणे. वानराला आणि बेडकाला 'प्लवग' म्हणतात ते त्यावरूनच, आणि संस्कृत गोष्टींत 'उत्प्लुत्य' म्हणजे उडी मारून. तो 'उत्' लागला की माझ्या कानाला उडीच ऐकू येते, आणि तळाशी पडलेल्या दगडाला ती शोभत नाही. मी 'प्लावक'च लिहीन. लहान मुलाला पहिल्यांदा सांगताना मात्र नुसतं 'पाण्याचा खालून येणारा रेटा' म्हणेन.