‘मॉरल’ म्हणजे समरी नव्हे

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. इंग्रजी गोष्ट वाचून झाल्यावर ‘समरी सांगा’ म्हटलं की अर्धा वर्ग ‘युनिटी इज स्ट्रेंग्थ’ म्हणून मोकळा होतो. कुठं चुकतंय?

उत्तर : मुलांचं नाही, आपलं चुकतंय. गोष्ट संपली रे संपली की आपण विचारतो, ‘मग तात्पर्य काय?’ पहिलीपासून हीच सवय, तेव्हा गोष्ट थोडक्यात सांगायची म्हणजे बोध सांगायचा, अशी त्यांची समजूत झाली तर नवल काय? हा गुंता इंग्रजीच्या तासाला सुटणार नाही, आधी मराठीत सोडवा. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. ‘शेणाचं घर वाहून गेल्यावर कावळा चिमणीच्या दारात आला, तिने त्याला ताटकळत ठेवलं’ हा सारांश. ‘अडल्याला मदत करावी’ हे तात्पर्य. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि विचारा, ‘यातल्या कुठल्या वाक्यात कावळा आहे?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

मग इंग्रजीचे चार शब्द द्या : समबडी, वॉन्टेड, बट, सो. कोण होतं, त्याला काय हवं होतं, आडवं काय आलं, मग काय झालं. ‘द क्रो वॉन्टेड टु कम इन, बट द स्पॅरो वॉज बिझी, सो ही वेटेड इन द रेन.’ या गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा असतो. कुणाच्या आजीचा कावळा शेवटी चुलीपाशी जाऊन बसतो. असू द्या, ‘सो’च्या पुढे ज्याला जो शेवट ठाऊक आहे तो त्याने लिहावा.

प्रश्न : समरीसाठी लागणाऱ्या शब्दांची यादी पाठ करून घ्यावी का?

उत्तर : नको. फर्स्ट, देन, बट, बिकॉज, सो, फायनली एवढे शब्द तोंडात बसले तरी चौथी-पाचवीचं काम भागतं. ‘मेन आयडिया’ आणि ‘डिटेल’ हे तुम्ही रोज वापरा, मुलं आपोआप उचलतील. ‘कन्क्लूड’, ‘मोरओव्हर’ची घाई कशाला?

प्रश्न : माझ्या सहावीच्या वर्गातली हुशार मुलं उताऱ्यातलीच वाक्यं एक सोडून एक उतरवतात आणि त्याला समरी म्हणतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : तुमची मुलं वेगळं काही करत नाहीत. अमेरिकेत अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या संशोधकांनी १९८३ साली नेमकं हेच तपासलं. नको ते गाळणं पाचवीच्या मुलांनाही जमत होतं. चार गोष्टींना मिळून एक शब्द शोधणं त्याहून कठीण, आणि उताऱ्यात नसलेलं मुख्य वाक्य स्वतः रचणं सगळ्यांत अवघड. म्हणजे तुमची मुलं पहिल्या पायरीवर आहेत. त्यांना दुसरीवर न्यायचं, तर तिथे लागतो शब्दसंग्रह.

पुन्हा चिमणीकडेच जाऊ. ‘थांब, बाळाला न्हाऊ घालते’, ‘थांब, अंग पुसते’, ‘थांब, काजळ घालते’, ‘थांब, तीट लावते’. मुलं ही चारही वाक्यं इंग्रजीत लिहायला बसतात आणि तीट या शब्दाशी अडतात. तिथे त्यांना थांबवा. ‘हे सगळं मिळून चिमणी काय करत होती?’ ‘बाळाचं आवरत होती.’ झालं, ‘शी वॉज गेटिंग हर बेबी रेडी.’ चार वाक्यांचं एक झालं आणि तीटही सुटली.

मी अशा शब्दांना छत्रीशब्द म्हणते. आंबा, केळं, पेरू म्हणजे फ्रूट्स. पातेलं, तवा, कढई म्हणजे युटेन्सिल्स. गंमत म्हणजे काही छत्र्या इंग्रजीत तयारच मिळतात. आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि त्यांच्या बहिणी, तिकडे सगळ्यांना मिळून एक ‘कझिन’. धान, तांदूळ, भात या तिघांना ‘राइस’. मुलांना हे फार आवडतं आणि मग घरून अशी उदाहरणं शोधून आणतात. रोज पाच मिनिटं हा खेळ घ्या. उतारा नंतर.

प्रश्न : ‘धिस स्टोरी इज ऑफ क्रो’ हे वाक्य खोडावं का?

उत्तर : खोडू नका, दुरुस्त करा. ते मूल ‘ही गोष्ट कावळ्याची आहे’ असा विचार करतंय, आणि तो विचार बरोबरच आहे. फक्त ‘ऑफ’च्या जागी ‘अबाउट अ’ घाला.

प्रश्न : मुलगी सेमी-इंग्रजीत पाचवीला आहे. माझं इंग्रजी बेताचं. घरी काय करू?

उत्तर : इंग्रजी बाजूला ठेवा. आपल्याकडे २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे आणि दहावीच्या पेपरात समरी लिहावी लागते, म्हणून पालक धास्तावतात. पण थोडक्यात सांगणं हे कौशल्य भाषेच्या आधीचं. रात्री भाकऱ्या थापताना तिला म्हणा, ‘माझा मालिकेचा कालचा भाग चुकला, तव्यावरची भाकरी उतरेपर्यंत सांगून संपव.’ पहिल्या दिवशी भाकरी करपेल. आठवड्याभरात तिला ‘मग ना’, ‘मग ना’ गाळता येऊ लागलं की त्याच दोन वाक्यांत कुठे ‘बट’ येईल आणि कुठे ‘सो’, एवढंच विचारा. ते तिला येतं.