जळगाव-धुळ्याकडच्या लहान वृद्धाश्रमांना ज्येष्ठांचे पडणे रोखण्याचा खर्च परवडतो का?

परवडतो; खरी अडचण खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची, ही आहे. न्हाणीघरातील आधाराच्या दांड्या, न घसरणारी फरशी आणि रात्रीचा दिवा यांचे पैसे संस्था भरते, तर खुब्याचे हाड मोडल्यावर जळगाव किंवा धुळ्यातील शस्त्रक्रियेचे बिल मुलांवर अथवा सरकारी योजनेवर पडते. त्यामुळे देणगीवर चालणाऱ्या संस्थेच्या जमाखर्चात ही बचत दिसतच नाही. (शिवाय देणगीदाराचे नाव पंख्यावर रंगवता येते, दांडीवर नाही.) जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून दगावतात. माझ्या मते पहिला खर्च न्हाणीघरावर व रात्रपाळीच्या मदतनिसावर करावा. तोल घालवू शकणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचा डॉक्टरांकडून फेरआढावा तर जवळजवळ फुकटात होतो.