जी-२०, एफएटीएफ, एनएसजी : करार नाही, पण साचा एक नाही

प्रश्न असा आहे, की जी-२०, एफएटीएफ (मनी लाँडरिंग आणि दहशतवादाला मिळणारा पैसा रोखण्यासाठीचा गट) आणि एनएसजी (अणुसाहित्य पुरवठादार देशांचा गट) यांपैकी एकाचाही स्थापना करार नाही, मग या सगळ्या सारख्याच सैल संस्था का मानू नयेत? माझ्या मते करार नसणं एवढंच त्यांच्यात समान आहे. अशी संस्था समजून घेताना मी आधी बघतो, तिचं दप्तर कोण सांभाळतं.

जी-२० ला कायमचं दप्तरच नाही. अध्यक्षपद ज्या देशाकडे, त्या वर्षी त्याचेच अधिकारी कारभार बघतात. मागचा आणि पुढचा अध्यक्ष सोबतीला असतात. साहजिकच विषयपत्रिकेवर यजमानाची छाप पडते. शेर्पा, म्हणजे नेत्यांचे प्रतिनिधी, जाहीरनाम्याच्या मसुद्यावर रात्ररात्र बसतात, वादातले शब्द चौकटी कंसात टाकतात आणि एकेक कंस सोडवत नेतात. नंतर एखाद्याने शब्द पाळला नाही, तर त्याला जाब विचारणारं कोणी नसतं.

एफएटीएफचं अगदी उलट. १९८९ च्या जी-७ परिषदेतून ती निघाली, सचिवालय पॅरिसला ओईसीडीच्या आवारात (ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना मात्र रीतसर करारातून झालेली). तिच्या ४० शिफारशी कराराने कोणावर बंधनकारक नाहीत. तरी इतर देशांचे तज्ज्ञ येऊन बँका, पोलीस, नियामक यांना समोर बसवून प्रश्न विचारतात. कायदा आहे का, हे वेगळं तपासतात. त्याचा उपयोग होतोय का, हे ११ निकषांवर वेगळं. करड्या यादीत, म्हणजे त्रुटी राहिलेल्या देशांच्या यादीत, नाव आलं की परदेशी बँका हात आखडता घेतात. पाकिस्तान २०१८ ते २०२२ त्या यादीत होता आणि त्या काळात त्याने बरेच कायदे बदलले.

एनएसजीत सगळं सर्वसहमतीवर. २००८ मध्ये भारताला अणुव्यापारासाठी सूट मिळाली ती सगळे राजी झाले म्हणून, आणि भारताचं सदस्यत्व २०१६ पासून अडलंय तेही त्याच नियमामुळे.

पॅरिस क्लबकडे मात्र नीट बघा. १९५६ पासून धनको देश तिथे बसून कर्जफेडीतली सवलत ठरवतात, पण बैठकीच्या मान्य इतिवृत्ताला कायद्याचं बळ नाही. पुढे प्रत्येक धनको कर्जदार देशाशी स्वतंत्र करार करतो, तो बंधनकारक. ब्रिक्सनेही बँक काढायची ठरल्यावर २०१४ मध्ये फोर्तालेझाला रीतसर करार केला, कारण भांडवल ठेवायला आणि कर्ज द्यायला कायदेशीर अस्तित्व लागतं. ब्रिक्सच्या शिखर परिषदा मात्र आजही करारावाचूनच भरतात.